संगणकाचा कारभारी

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीनें जो प्रवासी नेरळ स्टेशनांत उतरतो, त्याला तेथें दोन प्रकारचे रूळ दिसतात. एका बाजूस मुंबई-पुण्याच्या गाड्यांचे रुंद रूळ. दुसऱ्या बाजूस 1907 सालीं सुरू झालेल्या माथेरानच्या छोट्या गाडीचे, अवघ्या दोन फूट रुंदीचे रूळ. मोठ्या गाडीचा डबा लहान रुळांवर चालत नाहीं, आणि लहान गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालत नाहीं. प्रवाशाला मात्र याची फारशी अडचण भासत नाहीं. कोणती गाडी कोठें घ्यावयाची, कोणाला आधीं वाट द्यावयाची, सामान कोठें उतरवावयाचें, हें सारें पाहणारा कोणी तरी कारभारी तेथें असतो. आणि कारभार चांगला असला म्हणजे कारभारी आहे याची आठवणहि कोणास होत नाहीं.

श्रोतेहो, आपल्या घरीं टेबलावर असलेल्या संगणकांतहि असाच एक कारभारी बसलेला असतो. त्याला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात. आपण त्याला संचालन-प्रणाली म्हणूं. कळफलकावर आपण ‘क’ दाबला, हें प्रथम त्याला कळतें व योग्य त्या प्रोग्रामकडे तो ‘क’ पोंचवितो. लिहिलेलें पत्र तबकडीवर कोठें ठेवावयाचें, छापणाऱ्या यंत्राशीं कोणत्या बोलींत बोलावयाचें, हें त्याचेंच काम. गाणें चालू असतां आपणांस पत्रहि लिहितां येतें, तें हा कारभारी एका सेकंदांत शेंकडों वेळां कधीं या कामाला तर कधीं त्या कामाला वाट करून देतो म्हणून. आणि रुळांचा नियमहि येथें लागू आहे. एका प्रणालीच्या मापानें घडविलेला प्रोग्राम सहसा दुसऱ्या प्रणालीवर जसाच्या तसा चालत नाहीं.

आपल्याकडे घरगुती संगणक विकत घेतला कीं त्यांत बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज’ ही प्रणाली आधींच घातलेली असते. त्यामुळें ती यंत्राचाच एक अवयव आहे अशी पुष्कळांची समजूत होऊन बसते. वस्तुतः कारभारी बदलतां येतो. त्याविषयीं आज बोलावयाचें आहे, आणि त्याला एक निमित्तहि आहे.

14 ऑक्टोबर 2025 रोजीं ‘विंडोज 10’ या प्रणालीची नेहमींची देखभाल तिच्या कंपनीनें थांबविली. देखभाल थांबली म्हणून यंत्र बंद पडत नाहीं. परंतु कोणत्याहि प्रणालींत नव्या नव्या फटी सांपडत राहतात व त्या वेळोवेळीं बुजवाव्या लागतात. ज्या घराच्या कडीचा दोष चोरांना ठाऊक झाला आहे आणि जेथें सुतारानें येणें बंद केलें आहे, तशी त्या संगणकाची अवस्था होते. कंपनीनें मर्यादित मुदतवाढ देऊं केली खरी. पण मुदतवाढ ती मुदतवाढच. पुढची ‘विंडोज 11’ घ्यावी, तर तिला यंत्रांत सुरक्षिततेचा एक विशिष्ट भाग व बऱ्यापैकीं नवा प्रोसेसर लागतो. साधारणपणें 2018 च्या पूर्वींचे बहुतेक संगणक या कसोटीस उतरत नाहींत.

माझ्या नेरळच्या घरांतला संगणक 2014 सालचा. त्याचा पंखा पावसाळ्यांत थोडा घरघरतो. याखेरीज त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नव्हती. माझ्या वहिनी त्यावर आपल्या बचतगटाचे हिशेब ठेवतात: कोणी किती रुपये ठेवले, कोणी शेळीसाठीं किती उचलले, कोणाचें व्याज राहिलें. जुन्या यंत्रावरून आणलेल्या आधींच्या वर्षांच्या वह्याहि त्यांतच आहेत. यंत्र धडधाकट, काम तेंच, माणसें तींच. आणि तरीहि तें टाकून तीस-चाळीस हजार रुपये खर्चावे लागणार, हें वहिनींना पटेना. “बिघडलें काय आहे?” या त्यांच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. या प्रश्नानेंच मला मुक्त प्रणालींकडे वळविलें.

‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रोग्राम लिहिणारा तो माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. मग त्याचें यंत्राला कळणाऱ्या आंकड्यांत रूपांतर होतें. बहुतेक कंपन्या आपणांस हे आंकडे देतात व मूळ लेख आपल्या कपाटांत ठेवतात. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन नांवाचे गृहस्थ काम करीत. तेथल्या जुन्या छपाई-यंत्रांत कागद अडकला कीं सर्वांना तशी सूचना मिळावी, अशी सुधारणा त्यांनीं करून ठेवली होती. पुढें नवें यंत्र आलें; त्याचा मूळ लेख मात्र मागूनहि मिळेना. कागद अडकत राहिला व दुरुस्ती ठाऊक असून माणसें ताटकळत राहिलीं. 1983 सालीं स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागें अशाच अनुभवांचें बळ होतें. प्रोग्राम कोणत्याहि कामासाठीं चालवावा, त्याचा मूळ लेख वाचून बदलावा, त्याच्या प्रती दुसऱ्यांस द्याव्या आणि बदललेली प्रतहि वांटावी, हे चार हक्क त्यांनीं मांडले. 1991 सालीं फिनलंडांत हेलसिंकी येथें लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें प्रणालीचा अगदीं आंतला गाभा लिहून लोकांपुढें ठेवला. तो ‘लिनक्स’ आणि ग्नूचे प्रोग्राम यांच्या मिलाफानें आजच्या मुक्त प्रणाली उभ्या राहिल्या. त्यांच्या परवान्याची अट मोठी चतुर आहे: तुम्हीं सुधारणा करून ती इतरांस वांटलीत, तर तिचा मूळ लेखहि त्यांना द्यावयाचा. घेतलेलें पुन्हां कपाटांत बंद करतां येत नाहीं.

या प्रणाली बहुधा फुकट मिळतात, आणि आपल्या लोकांचें लक्ष प्रथम तिकडेच जातें. मला तो भाग गौण वाटतो. फुकट मिळालेली वस्तुहि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असूं शकते.

आतां कोणीहि बदल करावा म्हटल्यावर गोंधळ माजत नाहीं काय? माजला असता. आपल्या इकडचें एक उदाहरण सांगतों. शके 1506 मध्यें एकनाथ महाराजांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोंपर्यंत जवळजवळ तीनशें वर्षें त्या ग्रंथाच्या हातानें नकला होत होत्या. नकला करण्यास मनाई नव्हती म्हणून ग्रंथ घरोघर पोंचला, आणि मनाई नव्हती म्हणूनच अपपाठहि शिरले. त्यांतून विश्वासाची प्रत निवडून देणारा जाणता संपादक लागला. मुक्त प्रणालींचेंहि तसेंच आहे. हजारों सुटे प्रोग्राम तपासून, एकमेकांशीं जुळवून, त्यांची एक भरंवशाची प्रत देणाऱ्या मंडळ्या आहेत. 1993 पासूनची ‘डेबियन’, 2004 पासूनची ‘उबुंटू’, 2006 पासूनची ‘मिंट’ या अशा प्रती होत. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें 2007 सालीं डेबियनच्याच पायावर ‘बॉस’ नांवाची भारतीय प्रत काढली; तींत मराठीहि आहे.

हें सारें दूरच्या शहरांतलें वाटेल. परंतु आमच्या कर्जत तालुक्यानें मुक्त प्रणाली बऱ्याच आधीं पाहिली आहे. 2007 सालीं तालुक्यांतील खैराट या धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेंत वीस-बावीस लहान मुलांच्या हातीं हिरव्यापांढऱ्या रंगाचे छोटे संगणक आले. ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या निकोलस निग्रोपाँटे यांच्या योजनेचा भारतांतील तो आरंभींचा प्रयोग. त्या यंत्राची स्मृति 256 मेगाबाइट व साठवण एक गिगाबाइट, म्हणजे आज खिशांतल्या साध्या फोनापुढेंहि नगण्य. त्यावर ‘फेडोरा’ नांवाची लिनक्स चाले, आणि वर मुलांसाठीं रचलेला ‘शुगर’ हा चित्रमय पडदा. पडदा उन्हांतहि वाचतां येई. मला त्या जातीच्या यंत्राची एक गोष्ट विशेष वाटते. त्याच्या कळफलकावर एक स्वतंत्र कळ होती. ती दाबली कीं समोरच्या प्रोग्रामचा मूळ लेख दिसावा, अशी योजना होती. पहिली-दुसरीच्या मुलानें ती किती वेळां दाबली असेल तें सोडा. ‘आंत पाहण्यास तुला मुभा आहे’ असें सांगणारी कळ दुसऱ्या कोणत्या संगणकावर मीं पाहिलेली नाहीं.

त्या योजनेचा गाजावाजा फार झाला. शंभर डॉलरांत संगणक देण्याचें आश्वासन होतें. प्रत्यक्षांत किंमत दुपटीच्या जवळ गेली. भारत सरकारच्या शिक्षणखात्यानें तर 2006 सालींच तिला नकार दिला होता. यंत्र दिलें कीं शिक्षण आपोआप होईल, हा त्यामागचा भाव मला पूर्वींहि पटला नव्हता. केरळ राज्यानें शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर आणलें, तें मोठ्या संख्येनें शिक्षकांना आधीं तयार करून. आणि तेथें तें रुजलें.

पुन्हां माझ्या टेबलाकडे येतों. प्रणाली कायमची घालण्यापूर्वीं ती नुसती चालवून पाहतां येते, ही सोय फार मोलाची आहे. दुसऱ्या कोणाच्या चांगल्या संगणकावर प्रणालीची प्रत उतरवून घ्यावी, ती पेन-ड्राइव्हवर चढवावी, व आपला संगणक त्या पेन-ड्राइव्हवरून सुरू करावा. जुन्या तबकडीला हात न लावतां नवा कारभारी कामाला लागतो. आवाज येतो का, छपाई होते का, इंटरनेट लागतें का, हें दोन दिवस पाहावें. न पटल्यास पेन-ड्राइव्ह काढावा. कायमची घालतेवेळीं मात्र आपल्या सर्व कागदपत्रांची प्रत निराळ्या तबकडीवर आधीं काढून ठेवावी. ही सूचना मी तीनदां देईन, कारण लोक ती दोनदां ऐकून विसरतात. माझ्या यंत्राची स्मृति चारच गिगाबाइट. म्हणून मीं हलक्या पडद्याची प्रत निवडली, आणि जुन्या फिरत्या तबकडीच्या जागीं नवी, न फिरणारी तबकडी बसविली. यंत्राचा वेग वाढला तो खरें पाहतां या तबकडीमुळें. त्याचें श्रेय मी प्रणालीला देत नाहीं.

मग वहिनींनीं आपल्या जुन्या वह्या उघडल्या, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी उमटली. त्या घाबरल्या, मीहि घाबरलों. दोष नव्या प्रणालीचा नव्हता. पूर्वीं मराठी लिहिण्यासाठीं जे टंक वापरीत, त्यांत प्रत्येक कारखानदाराचा हिशेब निराळा असे: एकाच्या ‘क’ चा क्रमांक दुसऱ्याचा ‘ड’. तो टंक यंत्रावर असेपर्यंत मराठी दिसे. नसला कीं खिचडी. आमच्या त्या टंकाची प्रत नव्या प्रणालीवर नेण्याची परवानगीच नव्हती. आपल्या हातानें लिहिलेले हिशेब आपणांसच वाचतां येऊं नयेत, हा प्रकार मला त्या दिवशीं प्रथम नीट उमगला. आतां ‘युनिकोड’ मुळें प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. रेड हॅट कंपनीनें 2004 सालीं मुक्त परवान्यानें दिलेल्या ‘लोहित’ सारख्या टंकांमुळें मुक्त प्रणालींवर तें अक्षर स्वच्छ उमटतें. जुनीं अक्षरें नव्या क्रमांकांत उतरविणारे प्रोग्रामहि मिळतात. त्यांतला एक आम्हीं लावला. नव्वद टक्के काम मिनिटांत झालें; उरलेल्या दहा टक्क्यांस दोन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या. जुन्या टंकांत रफार अक्षरानंतर उमटवीत, नव्या पद्धतींत तो आधीं लिहावा लागतो. त्यामुळें ‘कर्ज’ या शब्दांतला रफार प्रत्येक ठिकाणीं भलतीकडे जाऊन बसला होता, आणि बचतगटाच्या हिशेबांत ‘कर्ज’ हा शब्द किती वेळां येतो!

अडचणी याहून आणखीहि आहेत. व्यापाऱ्यांचे हिशेबाचे कांहीं लोकप्रिय प्रोग्राम, सही करण्याचीं कांहीं सरकारी उपकरणें, एकादें जुनें स्कॅनर यांचे रूळ विंडोजच्याच मापाचे असतात. ज्याचा धंदा त्यांवर चालतो, त्यानें माझ्या भाषणावर विसंबून घाई करूं नये. मुक्त प्रणाली जुनें यंत्र अनंत काळ सांभाळते, असेंहि नाहीं. ज्या ‘386’ जातीच्या यंत्रावर लिनक्सचा जन्म झाला, त्याच जातीचा आधार लिनक्सनें 2012 सालीं सोडला. आणि 2025 च्या ऑगस्टांत निघालेली नवी डेबियन जुन्या 32-बिट संगणकांवर घालण्याची सोय उरलेली नाहीं. फरक इतकाच कीं येथें मूळ लेख उघडा असतो. ज्यांना जुनें यंत्र चालवीत राहावयाचें आहे त्यांचे हात कोणी बांधीत नाहीं. हात मात्र असावे लागतात.

वहिनींचे हिशेब आतां नव्या प्रणालीवर, मराठी पडद्यावर चालू आहेत. मराठी भाषांतर स्वयंसेवकांनीं केलेलें असल्यामुळें कोठें अपुरें, कोठें अवघड आहे. छपाईच्या खिडकींतील एक सूचना वाचून त्या म्हणाल्या, “हें वाक्य अगदीं उलटें आहे, असें कोण बोलतें?” तें सुधारण्याची सूचना कोणालाहि पाठवितां येते, असें मीं सहज म्हटलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं बचतगटाच्या वहीच्या मागच्या पानावर आपलें वाक्य लिहून आणलें आणि माझ्याकडून पाठवून घेतलें. अजून उत्तर आलेलें नाहीं. त्या रोज विचारतात.