इमारतीचं कवच, खुर्चीचं कवच

इस्तंबूलच्या लेव्हेंट भागात सौदी अरेबियाचा वाणिज्य दूतावास होता. २ ऑक्टोबर २०१८ रोजी दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी जमाल खशोगी तिथे आत शिरले. काम साधं होतं. हातिजे जेंगिझ या तुर्की तरुणीशी त्यांना लग्न करायचं होतं आणि त्यासाठी आपण सध्या विवाहित नाही असा सौदी सरकारचा दाखला हवा होता. चार दिवसांपूर्वी, २८ सप्टेंबरला ते चौकशीला आले, तेव्हा त्यांना ‘मंगळवारी या’ असं सांगण्यात आलं होतं. हातिजे फोन सांभाळत बाहेर थांबली. खशोगी बाहेर आलेच नाहीत.

खशोगी काही जन्मजात बंडखोर नव्हते. मदिनेत जन्मलेला, राजघराण्याच्या आतल्या गोटात वावरलेला हा संपादक. ‘अल वतन’ या दैनिकाचं संपादकपद मात्र त्यांना दोनदा सोडावं लागलं होतं. २०१७ च्या जूनमध्ये मोहम्मद बिन सलमान युवराज झाले, टीकाकारांची धरपकड वाढली. त्याच सुमारास खशोगी अमेरिकेला गेले आणि सप्टेंबरपासून ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये स्तंभ लिहू लागले. माहीतगार माणसाची टीका सत्तेला जास्त झोंबते, आणि हे तर घरचेच माहीतगार.

त्यांचा आतच खून झाला होता, आणि मारेकऱ्यांबद्दल फारसं गूढ उरलं नाही. पंधरा जणांचं पथक रियाधहून आलं होतं, त्यांतले बरेच खासगी विमानांनी. पथकात युवराजांच्या परदेश दौऱ्यांत दिसलेले माहेर मुतरेब होते आणि सलाह अल तुबैगी नावाचे न्यायवैद्यक डॉक्टरही होते. सौदीच्या म्हणण्याप्रमाणे वाटाघाटीसाठी निघालेल्या पथकाला शवविच्छेदन करणारा माणूस कशाला लागतो, हा प्रश्न कोणालाही पडावा. खशोगींचे कपडे घातलेला एक तोतया सुलतानअहमेत भागात हिंडताना कॅमेऱ्यांत टिपला गेला. त्याच्या पायांतले बूट तेवढे वेगळे होते. हे सगळं काही दिवसांतच जगासमोर आलं. तरीही हुकूम देणाऱ्याला आजवर कुठल्याही कोर्टात उभं राहावं लागलेलं नाही. हे कसं घडलं ते समजून घ्यायचं तर तुर्की पोलीस त्या इमारतीच्या फाटकाबाहेर का थांबले, इथून सुरुवात करायला हवी.

१९६३ च्या व्हिएन्ना कराराने वाणिज्य दूतावासांचे नियम ठरवले आहेत. त्यातलं ३१ वं कलम सांगतं की, कार्यालयाचा जो भाग केवळ दूतावासाच्या कामासाठी वापरला जातो, तिथे यजमान देशाच्या अधिकाऱ्यांनी प्रमुखाच्या संमतीशिवाय पाऊल टाकायचं नाही. आग किंवा तशी आपत्ती असेल तर संमती गृहीत धरता येते. खुनाच्या संशयाचा तिथे उल्लेख नाही. दूतावासाची जमीन म्हणजे परक्या देशाची भूमी, असा समज आपल्याकडेही पक्का आहे; तो चुकीचा आहे. जमीन तुर्कस्तानचीच, कायदाही तुर्कस्तानचाच लागू. फक्त त्या कायद्याच्या हाताला उंबरठ्यावर थांबावं लागतं.

या थांबण्याचा पुरेपूर वापर झाला. ६ ऑक्टोबरला महावाणिज्य दूत मोहम्मद अल ओतैबी यांनी रॉयटर्सच्या पत्रकारांना इमारतभर फिरवलं, कपाटं उघडून दाखवली, खशोगी इथे नाहीत म्हणून सांगितलं. तुर्की तपास पथकाला आत जायला १५ ऑक्टोबर उजाडला. म्हणजे तेरा दिवस. त्याच दिवशी, पथक येण्याआधी, साफसफाईवाले बादल्या-फडकी घेऊन आत जाताना दिसले. काही ठिकाणी रंग मारल्याचं राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. महावाणिज्य दूतांच्या निवासस्थानाची झडती त्यानंतर, १७ तारखेला झाली. तोवर ओतैबी देश सोडून गेले होते. खरं तर या करारात वाणिज्य दूताच्या घराला कार्यालयासारखं कवच नाही. राजदूताच्या घराला आहे, पण तो १९६१ चा वेगळा करार. अधिकाऱ्यांचं संरक्षणही इथे तोकडं आहे: गंभीर गुन्हा असेल आणि न्यायालयाचा आदेश असेल तर वाणिज्य दूताला अटक करता येते, आणि त्याला मिळणारी सूट केवळ दूतावासाच्या कामापुरती असते. माणूस मारणं हे कुठल्याच दूतावासाचं काम नव्हे. तुर्कस्तानने कराराला हवी होती त्यापेक्षा जास्त भीड दाखवली, असं माझं मत आहे.

या भिडेला एक कारणही होतं. तुर्की गुप्तचरांकडे इमारतीच्या आतलं ध्वनिमुद्रण होतं. ते कसं मिळालं हे उघड सांगणं म्हणजे दूतावासात चोरून ऐकत होतो अशी कबुली देणं; आणि तेही त्याच कराराला धरून नाही. म्हणून पुरावा कोर्टात जाण्याऐवजी सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांतून थेंबाथेंबाने बाहेर येत राहिला. शिवाय तुर्कस्तान काही वृत्तपत्र स्वातंत्र्याचा कैवारी नव्हता. त्या वर्षांत सर्वाधिक पत्रकार त्याच देशाच्या तुरुंगात होते.

मात्र या झिरपण्याने रियाधला आपली कहाणी पुनःपुन्हा बदलावी लागली. आधी खशोगी मागच्या दाराने निघून गेले होते. २० ऑक्टोबरला ते हाणामारीत मेले. २५ तारखेला खून पूर्वनियोजित असल्याचं सौदी सरकारी वकीलच म्हणू लागले. १५ नोव्हेंबरला गुंगीचं औषध जास्त झालं आणि नंतर मृतदेहाचे तुकडे केले, इथवर गाडी आली. मृतदेह अजूनही मिळालेला नाही.

व्हिएन्ना करारच रद्द करा, असं यावर कोणी म्हणेल. तसं वाटू देऊ नये. आपल्याकडे हा करार माहीत झाला तो कुलभूषण जाधव प्रकरणातून. पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या या महाराष्ट्राच्या माणसाला भारतीय अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही, म्हणून भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि हरीश साळवे यांनी बाजू मांडली ती याच कराराच्या ३६ व्या कलमावर. १७ जुलै २०१९ चा निकाल भारताच्या बाजूने लागला. परक्या तुरुंगातल्या माणसाला हा करार आधार देतो, आणि म्हणूनच त्याच्या आड खून लपवणं जास्त संतापजनक आहे.

आता दुसरं कवच, खुर्चीचं. पण त्याआधी बाकीचे रस्ते कसे बंद झाले ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक आन्येस कालामार यांनी स्वतःहून चौकशी केली. ध्वनिमुद्रणातली सुमारे पाऊण तासाची फीत त्यांना ऐकायला मिळाली. जून २०१९ च्या अहवालात त्यांनी या पूर्वनियोजित हत्येला सौदी राज्य जबाबदार असल्याचं म्हटलं आणि युवराजांचीही पुढे चौकशी व्हावी इतका विश्वासार्ह पुरावा असल्याचं नोंदवलं. पण प्रतिवेदकाला अटकेचे अधिकार नसतात. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा रस्ताही बंद, कारण सौदी आणि तुर्कस्तान दोघेही त्याचे सदस्य नाहीत. रियाधमध्ये बंद दाराआड खटला चालला. पाच जणांना फाशी सुनावली गेली, खशोगींच्या मुलांनी ‘माफ केलं’ आणि सप्टेंबर २०२० मध्ये फाशीची वीस वर्षांची कैद झाली. शिक्षा झालेल्यांची नावं जाहीर झाली नाहीत.

इस्तंबूलमध्ये गैरहजेरीत चाललेला खटला ७ एप्रिल २०२२ रोजी सौदीकडे सोपवण्यात आला. तुर्कस्तानची अर्थव्यवस्था तेव्हा डबघाईला आली होती. त्याच महिनाअखेरीस एर्दोआन सौदी दौऱ्यावर गेले.

राहिली अमेरिका. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या गुप्तचर विभागाने अहवाल खुला केला: खशोगींना पकडण्याच्या किंवा ठार मारण्याच्या मोहिमेला युवराजांनी मंजुरी दिली, असा आमचा निष्कर्ष आहे. हातिजेने वॉशिंग्टनमध्ये युवराजांवर दिवाणी दावा लावलेलाच होता. इथे कायद्याचा बारकावा असा की, पदावर असलेला राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांच्यावर परक्या कोर्टात दावा चालत नाही. युवराज मात्र या तिघांत बसत नाही. न्यायाधीशांनी अमेरिकन सरकारला मत मांडायला ३ ऑक्टोबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. २७ सप्टेंबरला राजे सलमान यांनी पुत्राला पंतप्रधान नेमलं. सौदीत एरवी हे पद राजाकडेच असतं. अमेरिकन सरकारने आणखी मुदत मागून घेतली आणि १७ नोव्हेंबरला, पंतप्रधान म्हणून यांना संरक्षण आहे, असं कळवलं. न्यायाधीश जॉन बेट्स यांनी ६ डिसेंबरला दावा काढून टाकला, मात्र नेमणुकीच्या वेळेबद्दलची आपली अस्वस्थता निकालपत्रात लिहून ठेवली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच पंतप्रधान व्हाइट हाऊसमध्ये पाहुणे म्हणून गेले. एका वार्ताहर बाईंनी त्यांना समोरासमोर खशोगींबद्दल विचारलं. ट्रम्प यांनी मध्येच उत्तर दिलं की, यांना यातलं काही माहीत नव्हतं. आणि पाहुण्याला अडचणीत आणल्याबद्दल त्या वार्ताहरालाच सुनावलं.