नव्या मॅक्रो लेन्सची वाट किती पाहावी?

मिररलेस कॅमेऱ्यासाठी हाताने फोकस करायची नवी मॅक्रो लेन्स येणार, असे कानावर आले की दागिने, जरीकाम वा नक्षीकामाचे फोटो काढणारे आपले काही व्यापारी बांधव खरेदी लांबणीवर टाकतात. अशा लेन्समधून काय मिळते? २०२२ मध्ये आलेली चिनी 'लाओवा' ९० मिमी लेन्स वस्तू दुप्पट आकारात टिपते. १८ मिमी रुंदीची नक्षी फुलफ्रेमची चौकट भरते. अंगठी जागची हलत नाही, त्यामुळे ऑटोफोकसवाचून अडत नाही; ट्रायपॉड मात्र हवा.

पण गिऱ्हाईक आजच फोटो मागते. निकॉनची जुनी ५५ मिमी मायक्रो लेन्स अडॅप्टर रिंग लावून मिररलेसवर बसते आणि निम्म्या आकारापर्यंत टिपते. कारागीर बांधवांनी तूर्त तिच्यावर काम भागवावे. नवी लेन्स आल्यावर ती आपल्या कॅमेऱ्याला बसते का, हे पाहूनच पैसे मोजावेत.