४४ मिलिमीटर

जुन्या वर्तमानपत्रावर ॲल्युमिनियमची दोन चक्रं ठेवलेली होती. एक मोसंबीएवढं, दुसरं मोठ्या लिंबाएवढं. काकांनी दोन्ही एकेका बारीक सळईवर ओवली आणि मला म्हणाले, "फुंका." लिंबाएवढं चक्र पहिल्याच फुंकरीला भिरभिरलं. मोसंबीएवढ्यावर मी दम लागेपर्यंत फुंकत राहिले, तेव्हा कुठे ते सावकाश वळू लागलं.

"एवढंच आहे बघा. बाकी सगळी आकडेमोड."

मी भोसरीतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये आले होते ते संपादकांनी पाठवलं म्हणून. छोट्या पेट्रोल गाड्यांना आता सर्रास टर्बो बसून येतो. हजार-बाराशे सीसीचं इंजिन पूर्वीच्या दीड लिटरच्या इंजिनाचं काम करतं. त्यावर एक लेख हवा होता. मला वाटलं होतं, एखाद्या कारखान्यात जाऊन चकचकीत असेंब्ली लाइन बघावी लागेल. ओळखीच्या एका मेकॅनिकने इथला पत्ता दिला. टेम्पो, ट्रक, टॅक्सी यांचे बिघडलेले टर्बो इथे उघडले जातात, धुतले जातात, नवीन बेअरिंग घालून परत जातात. काका आधी लेथवर टर्नर होते, गेली तीसेक वर्षं ते हेच करतात. त्यांच्याकडे अधूनमधून असाही एखादा मुलगा येतो, ज्याला आपल्या छोट्या गाडीला टर्बो बसवायचा असतो. त्या दिवशी असाच एक आला होता. मोसंबीएवढं चक्र त्याचंच होतं.

टर्बोची मूळ कल्पना शंभर वर्षांहून जुनी. इंजिनातून बाहेर पडणारा धूर गरम असतो, वेगात असतो आणि एरवी वाया जातो. त्याच्या वाटेत एक चाक ठेवायचं. त्या चाकाच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, जे बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, चौदा हजार फुटांहून उंच, विरळ हवेत विमानाचं इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली. हे सगळं पुस्तकात आहे. मला खिळवून ठेवलं ते त्या दोन चक्रांतल्या फरकाने.

मुलगा ऑटोक्रॉस करतो. मोकळ्या मैदानात मातीचा वळणावळणाचा मार्ग आखायचा, घड्याळ लावायचं, गाडी सोडायची. गाडी म्हणजे जुनी एस्टीम, १२९८ सीसी, कारखान्यातून निघाली तेव्हाची ८५ अश्वशक्ती. त्याने आणलेला टर्बो गॅरेटचा, जीटी २८६०. "दोनशे हॉर्सपॉवर पाहिजे काका," तो म्हणाला. काकांनी हसण्यावारी नेलं नाही. खिशातली पेन्सिल काढली आणि वहीचं नवं पान उघडलं.

नावातच सगळं लिहिलेलं असतं, त्यांनी मला समजावलं. शेवटचे दोन आकडे म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाचा मोठा व्यास, मिलिमीटरमध्ये. २८६० म्हणजे ६०. त्यांच्या टेबलावरचं छोटं चक्र १५४४ चं, म्हणजे ४४. व्यास जेमतेम सव्वा-दीडपटीच्या मधला. पण चाक फिरवायला लागणारा जोर व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. ६० ला ४४ ने भागा, उत्तराचा पाचवा घात घ्या: जवळजवळ पावणेपाच पट. मघाशी माझ्या फुंकरीला मोठं चक्र जुमानत नव्हतं, त्याचं कारण हे. छोट्या इंजिनाचा धूर म्हणजेही फुंकरच.

मग हवेचा हिशेब सुरू झाला. हा हिशेब मी जन्मात विसरणार नाही, कारण तो इतका साधा आहे. चार फटक्यांचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. मिनिटाला ६५०० फेरे म्हणजे ३२५० वेळा १.२९८ लिटर. प्रत्येक वेळी ते पूर्ण भरत नाही, नव्वद टक्के धरा. झाले सुमारे ३८०० लिटर. पुण्याच्या हवेत, तीस अंश तापमानाला, त्याचं वजन चार किलोच्या किंचित वर भरतं. एका मिनिटात चार किलो हवा! मी वहीकडे बघतच राहिले. हवेला वजन असतं हे शाळेत शिकलो होतो, पण एक जुनी एस्टीम मिनिटागणिक चार किलो हवा गिळते हे कधी मनात आलं नव्हतं.

"एक किलोला बावीस हॉर्सपॉवर," काका म्हणाले. मिनिटाला एक किलो हवा म्हणजे ढोबळमानाने २२ अश्वशक्ती. चार किलोंचे नव्वद, कारखान्याच्या ८५ च्या जवळ. दोनशे हवे असतील तर नऊ किलोंच्या वर हवा पाहिजे. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सव्वादोन पटींहून जास्त दाब. "तुझे पिस्टन, तुझे कनेक्टिंग रॉड, सगळे ८५ साठी ओतलेत, बाळा." त्यांनी दोनशेवर काट मारली आणि १४० लिहिलं. १४० ला ६.४ किलो. दाब ०.६ बार.

०.६ बार हा आकडाही सगळीकडे सारखा नसतो, आणि ही गोष्ट मला फार आवडली. टर्बोला घाम किती गाळावा लागतो हे बाहेरच्या हवेच्या किती पट दाबायचं यावर ठरतं. मुंबईत समुद्रकाठी ०.६ बार म्हणजे १.५९ पट. पुण्यात १.६३. महाबळेश्वरला बाहेरचा दाबच पंधरा टक्क्यांनी उतरलेला असतो, तिथे तेवढ्याच दाबासाठी १.७ पट. घाट चढताना टर्बो अधिक वेगाने फिरत असतो आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग काकांनी ड्रॉवरमधून एक घड्या पडलेला कागद काढला. प्रत्येक टर्बोचा असा एक नकाशा कंपनी छापते. आडव्या रेघेवर हवेचं वजन, उभ्या रेघेवर दाबाची पट. मध्ये एकात एक अंडाकार वर्तुळं, डोंगराच्या नकाशावरच्या उंचीच्या रेघांसारखी. मधल्या बेटावर टर्बो सगळ्यात कार्यक्षम. उजव्या काठापलीकडे चाकाचा घसा भरतो, कितीही फिरवा, हवा वाढत नाही आणि नुसती उष्णता वाढते. डावीकडे एक तिरकी रेघ, तिला सर्ज लाइन म्हणतात. तिच्या डावीकडे गेलात तर हवा पुढे जाण्याऐवजी चाकावरून उलटी फिरते, टर्बो फडफडतो, दांड्याला झटके बसतात, बेअरिंग जातं.

पेन्सिलीने त्यांनी दोन फुल्या मारल्या. ६५०० फेऱ्यांना ६.४ किलो. ३००० फेऱ्यांना, तोच दाब धरून, २.९ किलो. मग मोसंबीच्या नकाशावर त्याच फुल्या. वरची फुली कशीबशी डाव्या बाजूला आत बसली. खालची सर्ज लाइनच्या बाहेर गेली. "आणि तिथपर्यंत तुझा धूर हे चाक फिरवणारच नाही, म्हणून फडफडसुद्धा ऐकायला येणार नाही. नुसती मेलेली गाडी. साडेचार-पाच हजारांना एकदम लाथ मारील, तोपर्यंत तुझं वळण संपलेलं असेल."

लिंबाच्या नकाशावर खालची फुली आत होती, वरची उजव्या काठाकडे सरकलेली. तिथे कार्यक्षमता सत्तर टक्क्यांवरून साठकडे उतरते. तीस अंशांची हवा सत्तर टक्क्यांना दाबली तर ती साधारण ९७ अंशांवर जाते, साठ टक्क्यांना १०८ वर. हे जास्तीचे अकरा अंश हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला उतरवावे लागतात, नाहीतर इंजिन नॉक करतं, म्हणजे इंधन अवेळी पेटतं. काकांना ते चालणार होतं. "शेवटच्या हजार फेऱ्यांत थोडं गरम होऊ दे. मातीत तू शेवटच्या हजार फेऱ्यांत असतोस किती वेळ?"

हा प्रश्न मोटारींच्या इतिहासात मोठमोठ्या लोकांना पडलेला आहे. बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो १९७३ मध्ये आली. दोन लिटरला १७० अश्वशक्ती, पण दाब उशिरा यायचा आणि आला की एकदम यायचा. चार वर्षांनी स्वीडनच्या साबने तेवढ्याच दोन लिटरच्या इंजिनावर १४५ वर समाधान मानलं. छोटा टर्बो घेतला आणि जास्तीचा धूर बाहेर सोडणारी झडप, वेस्टगेट, बसवली. त्यांना शिखरावरची ताकद नको होती, रोजच्या रस्त्यावर खालच्या फेऱ्यांत मिळणारा दम हवा होता. आज रस्त्यावरची जवळपास प्रत्येक छोटी टर्बो गाडी साबच्या वाटेने चालते. पिंपरी-चिंचवडच्या टाटांनी २०१४ मध्ये झेस्टला १.२ लिटरचं टर्बो इंजिन दिलं, तेव्हा ताकद ९० अश्वशक्तीचीच ठेवली, पण पूर्ण टॉर्क १७५० फेऱ्यांपासून दिला.

रेनोची गोष्ट मात्र मला सगळ्यात जवळची वाटते. १९७७ मध्ये त्यांनी फॉर्म्युला वनमध्ये दीड लिटरचं टर्बो इंजिन आणलं. एकच मोठा टर्बो, गॅरेटचा. गाडी इतक्या वेळा धूर सोडत थांबायची की तिला पिवळी किटली म्हणू लागले. पॅडल दाबल्यावर ताकद येईपर्यंत इतका वेळ जायचा की जाँ-पिएर जाबुय यांना वळण संपण्याच्या आधीच पाय दाबून ठेवावा लागे. १९७९ च्या मोसमात रेनोने तो एक मोठा टर्बो काढून दोन छोटे केकेके टर्बो लावले, तीन-तीन सिलिंडरना एकेक. १ जुलैला दिजाँला जाबुय जिंकले. टर्बो इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय. इंजिन तेच दीड लिटरचं, चाकं लहान झाली.

मुलाने हे सगळं ऐकलं आणि थोडा वेळ गप्प राहिला. मोठा टर्बो त्याने पैसे साठवून घेतला होता. काकांनी त्याची समजूत काढली नाही. ते लिंबाच्या चक्राकडे वळले, व्हर्नियर लावला. आतला व्यास ३३, बाहेरचा ४४. भागून, वर्ग करून, शंभराने गुणून आला ५६. याला ट्रिम म्हणतात, तोंड किती मोठं याचं माप. मग दांडा हातात घेऊन आजूबाजूला हलवला. थोडा हलला. मी दचकले, पण तसंच असतं म्हणाले. दांडा धातूवर टेकत नाही, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. मागेपुढे मात्र हलता कामा नये. छोटा टर्बो मिनिटाला दोन लाखांवर फेरे फिरतो. त्या वेगाला चक्राच्या एका बाजूला थोडासाही धातू जास्त असेल तर तेलाचा पापुद्रा फाटू शकतो. म्हणून बॅलन्सिंग मशीन. चक्राच्या पाठीवर खरवडल्याच्या लहान खुणा असतात, त्या बोटाने जाणवतात. कुणीतरी कधीतरी तेवढा धातू मोजून काढलेला असतो.

इथपर्यंत मला वाटत होतं की टर्बो निवडला म्हणजे काम झालं. उरलेली दुपार काकांनी मला ते किती खोटं आहे हे दाखवलं. शेडच्या मागे टर्बो बसवलेली आणखी एक छोटी पेट्रोल गाडी उभी होती. तिच्या मॅनिफोल्डला वेल्डच्या जागी तडा गेला होता. पेट्रोलचा धूर ९०० अंशांच्या वर जाऊ शकतो, तापतो, थंड होतो, लोखंड थकतं. कित्येक जण डिझेल गाडीचा स्वस्त टर्बो लावतात. डिझेलचा धूर थंड असतो, त्या टर्बोचा धातू पेट्रोलच्या उष्णतेला टिकेलच असं नाही. गाडी वेगात पळवून लगेच किल्ली फिरवली तर फिरणाऱ्या दांड्याभोवतीचं तेल तिथेच जळून कोळसा होतं. पुढच्या वेळी त्याच वाटेतून तेल जात नाही.

इंजेक्टर बदलायचे. इंजिनाचा संगणक, ईसीयू, नवा. दाब वाढला की ठिणगी उशिरा द्यायची. पंपावरच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन मर्यादित. २०२० च्या अखेरीस पुण्यासह काही शहरांत १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळू लागलं, पण ते महाग, आणि ऑटोक्रॉसच्या गावी ते मिळेलच असं नाही. क्लच ८५ साठीचा. गिअरबॉक्सही. आणि ही गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कारखान्याने ठरवलेल्या रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. मुलाला हे माहीत होतं. गाडी ट्रेलरवरून न्यायची, ट्रेलरवरून आणायची. या मुद्द्यावर काका कडक होते. ज्याला असली गाडी कॉलेजला न्यायची आहे त्याला ते दारातूनच परत पाठवतात, आणि मला ते योग्य वाटलं.

संध्याकाळी दोघं एस्टीमच्या बॉनेटमध्ये वाकले होते. छोटा टर्बो त्यांनी कापडात धरून वेगवेगळ्या जागी ठेवून पाहिला. बेअरिंगमधून निघालेलं तेल फेसाळलेलं असतं, ते पंपाने नाही, आपल्या वजनानेच खाली इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीत, समपमध्ये, जायला हवं. म्हणजे टर्बो समपच्या बराच वर हवा आणि नळीला सरळ उतार हवा. एस्टीममध्ये त्या वाटेत एक्झॉस्टचा पाइप येत होता. पाइप हलवला तर स्टार्टर आडवा येत होता. मुलगा वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत होता. काका कापडात गुंडाळलेला टर्बो बोटभर वर धरत होते, मग बोटभर खाली.

"टॉर्च आण रे," ते म्हणाले. मी निघाले तेव्हा नळी कुठून न्यायची हे ठरलेलं नव्हतं.