सांध्यांचे दुखणे (लेखांक ९) : गुण आला म्हणजे निदान झाले का?

पायाला जखम झाली की जांघेत अवधान येते आणि जखम भरली की बसते, हे घरोघरी ठाऊक असते. पण जखम कुठेच नाही, मानेत नि काखेत आलेल्या गाठी महिनोन्‌महिने बसत नाहीत, आणि सकाळी बोटे इतकी आखडतात की कपाचा कान धरवत नाही, असे झाले तर? आमवातात गाठी सुजणे तसे नवलाचे नाही. मात्र क्वचित अशा रुग्णात गाठींचाच एक दुर्मीळ आजार निघतो, कॅसलमनचा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ मध्ये छातीतल्या अशा गाठींच्या १३ रुग्णांचे वर्णन केले, म्हणून हे नाव.

सांधे आणि गाठी यांना जोडणारा धागा जपानमध्ये सापडला. ओसाकाच्या किशिमोतो आणि हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये इंटरल्यूकिन-६ या रेणूचे जनुक वेगळे केले. कॅसलमनच्या गाठी हाच रेणू भरमसाट तयार करतात, हे १९८९ मध्ये दिसले. आमवाताने सुजलेल्या सांध्याच्या पाण्यातही तो मुबलक असतो. तो यकृताला निरोप देतो आणि रक्ताचा रिपोर्ट बदलतो : सीआरपी चढते, अल्ब्युमिन उतरते, हिमोग्लोबिन घसरते. लोहाच्या गोळ्या महिनाभर घेऊनही ते हलत नाही, कारण लोह संपलेले नसते, कोठाराला कुलूप लागलेले असते. या रेणूची वाट अडवणारे टोसिलिझुमॅब जपानने २००५ मध्ये कॅसलमनसाठी आणि २००८ मध्ये आमवातासाठी मंजूर केले. मग आजार एकच, फक्त जागा दोन, असे म्हणायचा मोह होणारच.

मला ही घाई वाटते. पॅरासिटामॉलने दोन्हींचा ताप उतरतो म्हणून मलेरिया आणि फ्लू एक होत नाहीत. औषध मधल्या दुव्यावर घाव घालते. मुळे वेगळी राहतात. कॅसलमनमध्येच ती निरनिराळी आहेत. कुठे एकच गाठ असते, ती शस्त्रक्रियेने काढली की बहुधा प्रश्न मिटतो. कुठे एचएचव्ही-८ हा विषाणू असतो. कुठे गाठी अनेक आणि कारण अज्ञात. त्यात आमवाताची गाठही सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब कॅसलमनसारखी दिसू शकते. म्हणूनच या शेवटच्या प्रकारासाठी २०१७ मध्ये ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष आमवात, ल्युपस, स्टिलचा आजार आधी वगळायला सांगतात.

मग दोन्ही आजार एकत्र असूच शकत नाहीत का? निकषांचे अक्षर धरले तर नाही. पण तो निसर्गाचा कायदा नव्हे, चुकीचे नाव चिकटू नये म्हणून घातलेले कुंपण आहे. अँटी-सीसीपी हे आमवाताकडे बोट दाखवणारे प्रतिपिंड रक्तात भरपूर आहे, क्ष-किरणात बोटांची हाडे कुरतडलेली दिसतात, तर आमवात स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याच माणसात प्लीहा वाढलेली, अंगावर सूज, मूत्रपिंड खालावलेले असेल, तर सगळे आमवाताच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : औषध तेच, तर नावाचा कीस कशाला? कारण औषध नेहमी तेच नसते. एचएचव्ही-८ च्या प्रकारात भिस्त रिटुक्सिमॅबवर असते. आमवाताचे नेहमीचे मेथोट्रेक्सेट क्वचित स्वतःच गाठी वाढवते, आणि ते थांबवल्यावर त्या ओसरूही शकतात. शिवाय आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की पहिला संशय क्षयाचा, आणि तो रास्तच. सांध्यात जंतू नसतानाही क्षयाने सांधे सुजू शकतात, त्याला पाँसेचा आजार म्हणतात. अशा शरीरात स्टिरॉइड किंवा टोसिलिझुमॅब गेले तर क्षयाला रान मोकळे.

म्हणून स्टिरॉइड सुरू करण्याआधी अख्खी गाठ काढून तपासावी, हा आग्रह. सुईच्या तपासणीत पेशी मिळतात, रचना मिळत नाही. कॅसलमनच्या एका प्रकारात पेशींची वर्तुळे आडव्या कापलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांसारखी दिसतात. चिमूटभर चोथ्यातून ती कशी ओळखणार? आणि टोसिलिझुमॅब सुरू झाल्यावर सीआरपीवरही विसंबता येत नाही. यकृताला निरोपच पोचत नसल्याने आत जंतुसंसर्ग पेटला असला तरी रिपोर्टवर आकडा नॉर्मल येऊ शकतो.