बेटाची स्वतःची वीज

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एग बेटापर्यंत मुख्य भूमीची वीज कधी पोहोचलीच नाही. वस्ती जेमतेम शंभरेक माणसांची. घरोघरी डिझेलचे जनरेटर धडधडायचे. फेब्रुवारी २००८मध्ये बेटाने स्वतःची ग्रिड सुरू केली. ओढ्यांवरची जलविद्युत, चार छोट्या पवनचक्क्या, सौर पॅनेल आणि सोबत बॅटऱ्या.

खरी गंमत आहे ती वारंवारितेत. मोठ्या ग्रिडमध्ये ५० हर्ट्‌झचा ठेका अवजड जनित्रं धरून ठेवतात. इथे तो बॅटऱ्यांना जोडलेले इन्व्हर्टर धरतात. बॅटऱ्या भरत आल्या की ते वारंवारिता किंचित वाढवतात. वीज जास्त झाल्याचा निरोप असा तारेतूनच जातो, त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. मग निर्मिती आवरती घेतली जाते आणि उरलेल्या विजेवर सार्वजनिक इमारतींतले हीटर तापतात.

मागणीलाही लगाम आहे: घराला ५ किलोवॉट, व्यवसायाला १०. किटली, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं, की घरची वीज गेलीच म्हणून समजा! मला तर हा नियम इन्व्हर्टरइतकाच मोलाचा वाटतो. कोरड्या उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा सूर्य हात देतो. तोही कमी पडला, तर राखीव डिझेल जनरेटर आहेतच.