न्यूमोनियात कोणता डॉक्टर गाठावा?

पावसाळा लागला की बेळगावात घरटी एक तरी खोकला ऐकू येतो. सर्दी-पडशाच्या त्या गर्दीत एखादा न्यूमोनिया लपलेला असतो. पडसे आठवड्यात जाते. न्यूमोनिया दोन-तीन दिवसांत माणसाला अंथरुणाला खिळवतो आणि वेळ दवडली तर वृद्धाचा वा तान्ह्या मुलाचा जीवही घेतो. औषधोपचार हे डॉक्टरांचे काम. पण योग्य डॉक्टर वेळेवर गाठणे आणि आजाराची खरी हकिकत त्यांच्यापुढे मांडणे, हे घरच्या माणसांचे काम आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात घरच्यांच्या या कामाविषयीच लिहिते.

प्रथम रोग काय ते पाहू. आपल्या फुप्फुसांत हवेच्या अतिशय बारीक पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. श्वासातला प्राणवायू येथूनच रक्तात मिसळतो. जंतूंच्या संसर्गाने या पिशव्यांत पू व पाणी साचले, की तेवढ्या भागात हवा जाईनाशी होते. हाच न्यूमोनिया. थंडी वाजून ताप, खोकला, कधी गंजासारखा तांबूस बेडका, श्वास घेताना बरगडीत उठणारी कळ आणि धाप ही त्याची नेहमीची लक्षणे. तो घडवणारा एक प्रमुख जिवाणू फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी १८८१ साली स्वतंत्रपणे ओळखला. १९२८ साली फ्लेमिंगने पेनिसिलिन शोधले आणि पुढे १९४० नंतरच्या दशकात ते रोग्यांपर्यंत पोहोचले. तेव्हापासून या रोगावर नेमके औषध आहे. मात्र ते वेळेत पोटात किंवा शिरेत गेले पाहिजे.

वेळ झाली हे ओळखावे कसे? त्यासाठी घड्याळ पुरते. रोगी स्वस्थ पडलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजावी. प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा आकडा ३० वर गेला तर प्रकरण गंभीर समजावे. मुलांचे माप वेगळे आहे: दोन महिन्यांच्या आतील बाळास ६०, वर्षाच्या आतील बाळास ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलास ४० किंवा अधिक श्वास म्हणजे धोक्याची सूचना. २०२० व २०२१ च्या करोनाकाळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत आले. ते आता कपाटात पडून असेल तर बाहेर काढावे. एरवी निरोगी असलेल्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ९० च्या खाली गेला तर सरळ रुग्णालय.

आता डॉक्टरांच्या पाटीकडे वळू. एम.बी.बी.एस. झालेले आपले नेहमीचे फॅमिली डॉक्टर ही पहिली पायरी. त्यांना घरातल्या प्रत्येकाची प्रकृती ठाऊक असते. तरुण, एरवी धडधाकट माणसाचा सौम्य न्यूमोनिया ते बरा करू शकतात. रोगी पासष्टीच्या पुढचा असेल, त्याला मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी फिजिशियनला दाखवावे. आपण ज्यांना फिजिशियन म्हणतो ते एम.डी. किंवा डी.एन.बी., विषय जनरल मेडिसिन. नुसती ‘एम.डी.’ ही अक्षरे पाहून आत शिरू नये. पुढचा विषय वाचावा. एम.डी. प्रयोगशाळेच्या शास्त्रातही होते आणि आयुर्वेदातही होते. छातीच्या विकारांचे तज्ज्ञ निराळे. त्यांच्या जुन्या पाट्यांवर ‘टी.बी. अँड चेस्ट’ असे असते, नव्यांवर ‘रेस्पिरेटरी मेडिसिन’. मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ. चिठ्ठीवर वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तोही पाहून ठेवावा.

काही वेळा मात्र दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसायला सवड नसते. २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘कर्ब-६५’ नावाची एक पद्धत डॉक्टर वापरतात. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: बोलण्यातला गोंधळ, रक्तातील वाढलेला युरिया, मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास, घसरलेला रक्तदाब आणि ६५ किंवा अधिक वय. युरिया सोडला तर बाकीचे घरी कळण्यासारखे आहे. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, किंवा ओठ निळसर पडले, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि प्राणवायूची सोय असलेले रुग्णालय गाठावे. आपल्या शहरात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. २००५ साली निघालेले बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्थेचे शासकीय महाविद्यालय जिल्हा रुग्णालयाला जोडलेले आहे. अशा ठिकाणी मेडिसिनचा स्वतंत्र विभाग असतो.

आता आपल्या भागापुरती एक गोष्ट सांगते. गेल्या पावसाळ्यात माझ्या आजीला न्यूमोनिया झाला. अंगात ताप असा नव्हताच. ती फक्त जेवेनाशी झाली आणि भलतेच काही बोलू लागली. वृद्धांत हा रोग पुष्कळदा असाच, तापाविना येतो. आमच्या डॉक्टरांनी श्वास मोजले आणि तासाभरात फिजिशियनकडे पाठवले. तेथले तरुण सहायक डॉक्टर धारवाडकडचे. आजी म्हणाली, “दम लागतोय, उरात भरल्यागत झालंय.” त्यांनी विचारले, “अज्जी, दम्मु एष्टु वर्षदिंद?” म्हणजे दमा किती वर्षांपासून आहे? आजीला जन्मात कधी दमा नव्हता. मी म्हटले, “दम्मु अल्ल, उसिराडलु आगुत्तिल्ल. दोनच दिवस झाले.” त्यांनी लगेच कागदावर दुरुस्ती केली आणि एक्स-रे सांगितला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग निघाला.

मराठीत दम लागणे वेगळे आणि दमा वेगळा. कन्नडात ‘दम्मु’ म्हटले की बहुधा दमाच समजतात. शब्द सारखे दिसले म्हणून अर्थही सारखे असतात असे नाही. डॉक्टर कोणत्या भाषेचे, याला महत्त्व देऊन चांगला फिजिशियन सोडू नये; त्यापेक्षा दोन्ही भाषा जाणणारे माणूस रोग्यासोबत पाठवावे. आपल्या महाविद्यालयात अशी मुलेमुली शेकड्यांनी आहेत. खोकल्याला केम्मु, छातीतल्या कळेला एदे नोवु. ज्वर तर दोन्हीकडे ज्वरच. आपण तो शब्द पोथीत ठेवला, कन्नड माणसाने घरात वापरला, इतकेच.

डॉक्टरांच्या आधी औषधाच्या दुकानात जाण्याची चाल घातक आहे. २०१४ पासून कित्येक प्रतिजैविके ‘एच-१’ यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. यामागे कारण आहे. विषाणूमुळे झालेल्या न्यूमोनियावर प्रतिजैविक चालत नाही. शिवाय त्यांतली काही औषधे क्षयाच्या जंतूंनाही थोडी दाबतात. रोग्याला तात्पुरते बरे वाटते आणि क्षयाचे निदान लांबते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, ती करून घ्यावी.

औषध सुरू झाल्यावर दोन ते तीन दिवसांत ताप व धाप उतरू लागली पाहिजे. तसे न झाल्यास पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जावे. नवा डॉक्टर गाठला तर सगळी हकिकत पहिल्यापासून सुरू होते. बरे वाटले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. खोकला आणि थकवा काही आठवडे राहतो, त्याने घाबरू नये. सर्व चिठ्ठ्या, एक्स-रे व पावत्या तारखेप्रमाणे एका फायलीत लावाव्यात. आम्हांला खतावणीचे जे वळण शिकवतात ते येथे नक्की उपयोगी पडते: नोंद त्याच दिवशी, तारखेसह.

मित्रांनो, खानापूर-चंदगडकडून येऊन खोल्या करून राहणारे आपल्यात पुष्कळ आहेत. घरची माणसे दूर, आणि आजार रात्रीच बळावतो. म्हणून या आठवड्यात एक कागद घ्या. त्यावर जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक, संध्याकाळनंतरही भेटणाऱ्या एका फिजिशियनचा क्रमांक, आणि रात्री एक्स-रे व प्राणवायू दोन्ही मिळतील अशा रुग्णालयाचे नाव लिहा. आधी फोन करून खात्री करून घ्या. तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि तशीच एक प्रत गावी आईवडिलांकडेही पाठवा.