कट्ट्यावरून उठा, आत चला

मुंबईला गेलं की आपण राणीची बाग बघतो, सिद्धिविनायक करतो, संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर भेळ खातो नि परत फिरतो. त्याच कट्ट्याच्या दक्षिण टोकाला, नरिमन पॉइंटला, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर एनसीपीए उभं आहे. मैत्रिणींनो, त्याच्या दारातून आत गेलेल्या आपल्यातल्या किती जणी असतील?

आमच्या बचत गटातल्या सहा जणी संभाजीनगरहून देवगिरीने गेलो. तिथे दरवर्षी ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्य महोत्सव भरतो, त्यातलं नाटक बघायला. फाटकापाशी एकीचे पाय अडखळले. “ताई, हे मोठ्या लोकांचं काम. आपल्याला हटकतील हो!” तिने पदर सावरला, चपलांकडे बघितलं. हातात पैसे मोजून घेतलेलं तिकीट होतं, तरी भीती! कोणी हटकलं नाही. तिकीट बघितलं, जागा दाखवली, झालं.

आता थोडं या वास्तूविषयी. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी 1969 मध्ये ही संस्था काढली. इथलं टाटा थिएटर 1980 चं, अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी आखलेलं. गाणाऱ्याचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जावा, अशी त्याची रचना. पुढे आणखी एक मोठं थिएटर बांधून होत आलं आणि 1997 मध्ये आगीत सापडलं. पुन्हा उभं केलं, 1999 मध्ये सुरू झालं. आज ते जमशेद भाभांच्या नावाने ओळखलं जातं.

आमच्या सहा जणींना मात्र वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटलं. आपले पु. ल. देशपांडे या संस्थेचे मानद संचालक होते. आणि 1993 पासून पुढे कितीतरी वर्षं इथला सगळा कारभार बघितला तो विजया मेहता यांनी. आपल्या विजयाबाई! हे ऐकल्यावर मघाशी पदर सावरणारी मध्यंतरात जिन्यावर ऐटीत उभी राहून चहा प्यायली.

तिकिटं आधी काढून ठेवा. नाटक शक्यतो दुपारचं बघा, म्हणजे सूर्य बुडताना बाहेर समुद्र मिळतो आणि रात्रीची परतीची देवगिरीही चुकत नाही. भेळ तेव्हा खाता येतेच.